म्युझियममधल्या मोटरसायकली जरा सुरू पण करा की!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत नव्या मोटरसायकल म्युझियमवर पानभर लेख आला होता, फोटो एक नंबर होते त्यात वादच नाही, पण लेख वाचून असं वाटतं की तिथे जायचं, तोंडाचा आ करायचा, सेल्फी काढायचे आणि घरी यायचं. मी पण जाऊन आलोय, दार उघडताना आत शिरलो ते सिक्युरिटीवाला एकेक लाइट बंद करायला लागला तेव्हाच बाहेर पडलो, म्हणून चार शब्द लिहितोय. म्युझियम चांगलंय, जरूर बघा. पण तिथल्या सगळ्या गाड्या देव्हाऱ्यातल्या मूर्तींसारख्या मांडून ठेवल्यात हो! चकाचक पुसलेल्या, खालून लाइट, भोवती दोरी, आणि एकही गाडी सुरू होत नाही. मोटरसायकल ही वस्तू नुसती बघायची नसतेच मुळी, ती ऐकायची असते, तिचा वास असतो, ती हात काळे करते, आणि ते सगळं तिथे पुसून टाकलंय.

आधी जे आवडलं ते सांगतो, नाहीतर म्हणाल हा फक्त खुसपटं काढायला गेला होता.

पहिल्याच हॉलमध्ये डाइमलर आणि मायबाख या जर्मन इंजिनिअरांच्या जोडीने १८८५ साली केलेली लाकडी गाडी आहे. अर्थात प्रतिकृती, कारण मूळ गाडी १९०३ मध्ये कारखान्याला लागलेल्या आगीत जळाली, त्यामुळे जगात कुठेही दिसते ती नक्कलच असते. लाकडी फ्रेम, लाकडी चाकं, त्याच्यावर लोखंडी धाव, आणि आडवी पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना एकेक छोटं चाक. इंजिन २६४ सीसी, ताकद अर्धा हॉर्सपॉवर, वेग फार फार तर ताशी १२ किलोमीटर, म्हणजे शेजारून कोणी जोरात पळत सुटला तर पुढे जाईल. खरी मजा सीटच्या खाली आहे. तेव्हा आजच्यासारखा प्लग नव्हता, बर्नरने एक नळी लालबुंद तापवायची आणि तिच्यावर पेट्रोलची वाफ पेटायची, आणि हे सगळं प्रकरण बसणाऱ्याच्या बरोब्बर बुडाखाली! डाइमलरचा पोरगा ती घेऊन निघाला तेव्हा सीटने पेट घेतला होता म्हणतात. म्युझियमच्या बोर्डावर यातलं काय लिहिलंय? सीसी, हॉर्सपॉवर, साल, देश. बास. अहो जगातल्या पहिल्या मोटरसायकलवाल्याच्या बुडाखाली आग लागली होती हे सांगा ना, पोरं आयुष्यभर विसरणार नाहीत.

तिच्या शेजारची गाडी मला सगळ्यात जास्त आवडली, आणि गंमत म्हणजे तिच्यासमोर कोणीच थांबत नव्हतं. हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर, म्युनिक, १८९४. लोकांना विकायला म्हणून पहिल्यांदा लायनीत बनवलेली मोटरसायकल ती हीच. इंजिन १४८९ सीसी, म्हणजे आजच्या कारएवढं, आणि ताकद किती तर अडीच हॉर्सपॉवर! मी खाली वाकून, जवळजवळ जमिनीवर बसून बघितली (सिक्युरिटीवाल्याने एकदा हटकलं पण). हिला वेगळा क्रँकशाफ्टच (पिस्टनच्या पुढे-मागे हालचालीचं गोल फिरणं करणारा दांडा) नाहीये. दोन आडवी सिलिंडर, त्यातून निघालेले लांब दांडे थेट मागच्या चाकाला जोडलेले, जुन्या वाफेच्या रेल्वे इंजिनाला असतात तसे, म्हणजे मागचं चाक हेच फ्लायव्हील (गती टिकवणारं जड चाक) आणि मागचं चाक हाच क्रँक. पिस्टन परत आत जायला मदत म्हणून बाजूने रबरी पट्टे ताणलेत. मागचं मडगार्ड जाडजूड का वाटतं म्हणून बघितलं तर ते आतून पोकळ, त्यात इंजिन थंड ठेवायचं पाणी. क्लच नाही, गिअर नाही, गाडी ढकलत पळायचं, इंजिनने पकडलं की उडी मारून बसायचं, आणि थांबायचं असेल तर इंजिनच बंद. आता हे सगळं दोरीच्या बाहेर उभं राहून, समोरून दिसतच नाही! गाडी भिंतीला खेटून उभी केलीय, दांडे आहेत त्या बाजूला अंधार. एक आरसा खाली ठेवला असता तरी भागलं असतं. मागचं चाक सावकाश फिरवत ठेवलं आणि दांडे पुढे-मागे होताना दाखवले तर मोटरसायकल म्हणजे काय हे पाच मिनिटात कळेल, बोर्ड वाचायची गरजच नाही.

त्यानंतर १९०१ ची वर्नर भावांची पॅरिसची गाडी. आधी इंजिन कुठे बसवायचं यावरच सगळ्यांचा गोंधळ, कोणी पुढच्या चाकावर, कोणी मागे, कोणी हँडलजवळ, या दोघांनी ते फ्रेममध्ये खाली, सायकलचे पायडल असतात तिथे बसवलं, आणि आजही तुम्ही आम्ही ज्या गाडीवर बसतो तिचं इंजिन तिथेच आहे. हे मात्र छान दाखवलंय, चार प्रकारच्या फ्रेम एकाखाली एक टांगल्यात. शाब्बास.

आता मुद्द्यावर येतो. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या गाड्यांची एक मोठी रांग आहे आणि त्यातली एक सोडून बाकी सगळ्या इतक्या नव्या दिसतात की कारखान्यातून सुद्धा तशा निघाल्या नसतील. टँकवर आरशासारखा रंग, स्पोकवर चमचमतं प्लेटिंग, चामड्याची सीट कालच शिवलेली. त्या काळात क्रोम नव्हतंच, निकेल असायचं, त्याची चमक थोडी पिवळसर, मऊ असते, क्रोमची निळसर आणि थंड, जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या कोणालाही हा फरक लांबून दिसतो. तरी तिथल्या दोन-तीन गाड्यांवर सरळ क्रोम मारलंय. याला रिस्टोरेशन म्हणायचं? ही तर मेकओव्हरची हौस झाली.

आणि मग कोपऱ्यात ती एक. कोणीही हात न लावलेली, जशी सापडली तशी ठेवलेली. रंग काळा होता की हिरवा ते पण धड सांगता येत नाही, पण टँकच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकतात तिथे रंग घासून खालचा पत्रा दिसतोय, आणि उजवीकडे जास्त, म्हणजे चालवणारा जरा उजवीकडे झुकून बसायचा. टँकवर हाताने मारायचा तेलाचा पंप आहे, त्याची मूठ पितळेची, आणि मूठ एका बाजूने बोटांच्या खोबणीसारखी झिजलीय. त्या काळी इंजिनला तेल आपोआप जायचं नाही, चालवता चालवता दर काही मैलांवर स्वतः पंप मारायचा, कमी मारलं तर पिस्टन जाम होणार, जास्त मारलं तर मागून धुराचा लोट, आणि किती मारायचं हे सांगणारा काटा वगैरे काही नाही, कानाने आणि नाकाने ठरवायचं. हँडलवर हवेचा लिव्हर वेगळा, पेट्रोलचा वेगळा, ठिणगीचं टायमिंग पुढे-मागे करायचा वेगळा, टँकच्या बाजूला गिअरचा दांडा, आणि यात ब्रेक म्हणजे सायकलच्या ब्रेकचा थोरला भाऊ, एवढं सगळं सांभाळत खडीच्या रस्त्यावरून जायचं. ती झिजलेली मूठ बघितली आणि मला तो माणूस दिसला हो, बाकी अख्ख्या रांगेत एकही माणूस दिसला नाही. आमच्या ग्रुपमधले लोक म्हणतात ना, गाडी ओरिजिनल एकदाच असते, रंग मारला की गेली. म्युझियमच्या एका गाइडला विचारलं की ही अशी का ठेवलीय, तर म्हणाला सर ती अजून व्हायचीय, पुढच्या टप्प्यात रिस्टोअर करणार. माझ्या काळजात धस्स झालं! संपादक साहेब, हे पत्र लिहायचं खरं कारण हेच आहे. त्या गाडीला कृपा करून कोणी हात लावू नका. पुसायची असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, गंज वाढू नये म्हणून पातळ मेण लावा, रबर वाळून तडकणार नाही एवढं बघा, आणि सोडून द्या.

रेसिंगचा हॉल दणदणीत आहे, पोरांची सगळी गर्दी तिथेच. इंग्लंडजवळच्या आइल ऑफ मॅन बेटाची टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) रेस १९०७ ला सुरू झाली, ती त्या बेटावरच का, तर इंग्लंडमध्ये ताशी २० मैलांची मर्यादा आणि रेससाठी रस्ते बंद करायला कायद्याची परवानगी नाही, त्या बेटाचा कायदा वेगळा म्हणून सगळे तिकडे गेले. मग १९११ ला डोंगरातला लांब रस्ता घेतला आणि अमेरिकेच्या इंडियन कंपनीच्या गाड्यांनी पहिला, दुसरा, तिसरा असे तिन्ही नंबर नेले, कारण त्यांच्याकडे चेन आणि दोन गिअर होते आणि ब्रिटिश गाड्या बऱ्याचशा अजून चेनऐवजी पट्ट्यावर, चढावर पट्टा सटकणार नाही तर काय. हे सगळं तिथे नीट आहे, नकाशा पण मस्त केलाय. १९५९ ला होंडावाले पहिल्यांदा तिथे आले आणि दोनच वर्षांत, १९६१ ला, माइक हेलवुडने त्यांच्या गाडीवर १२५ आणि २५० सीसीच्या दोन्ही रेस जिंकल्या, तेही आहे.

पण त्याच हॉलमध्ये काचेच्या पेटीत एक छोटी सुझुकी ५० सीसी आहे, १९६२ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या काळातली, आणि बोर्डावर लिहिलंय "जपानी तंत्रज्ञानाची झेप". हे वाचून मला हसावं की रडावं कळेना. अहो त्या झेपेमागची गोष्ट तर पूर्व जर्मनीतली आहे! तिथे एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन नावाचा इंजिनिअर होता, युद्धाच्या काळात रॉकेटच्या कामावर असलेला, युद्धानंतर तुटपुंज्या साधनात टू-स्ट्रोक रेसिंग इंजिन करत बसलेला. टू-स्ट्रोकची पंचाईत अशी की जळलेला धूर बाहेर जाताना ताजं पेट्रोल पण त्याच्याबरोबर सायलेन्सरमध्ये पळून जातं. काडेनने सायलेन्सरचा आकार असा केला की आधी फुगत जातो आणि मग निमुळता होतो, त्यामुळे धुराबरोबर निघालेली दाबाची लाट पुढे जाऊन आपटून परत मागे येते आणि पळून चाललेल्या ताज्या पेट्रोलला धूर बाहेर जायचं तोंड (पोर्ट) बंद व्हायच्या बरोबर क्षणी परत सिलिंडरमध्ये ढकलते. म्हणजे एकही जास्तीचा पार्ट न फिरवता, नुसत्या पत्र्याच्या आकारातून ताकद! १९६१ पर्यंत त्याने १२५ सीसीतून २५ हॉर्सपॉवर काढली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, आणि सप्टेंबरमध्ये त्याचा हुकमी रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या रेसमधून परत गेलाच नाही, त्याच्या बायको-पोरांना कारच्या डिकीत लपवून बाहेर काढलं, आणि डेग्नर ते सगळं ज्ञान घेऊन सुझुकीकडे गेला. पुढच्या वर्षी ५० सीसीचा वर्ल्ड चॅम्पियन कोण? डेग्नर, सुझुकीवर. एवढी जबरदस्त गोष्ट पेटीत बंद आहे आणि बोर्डावर "झेप". सुझुकीच्या लोकांनी नंतर त्यावर कष्ट केले, ते नाकारत नाही, पण काडेनचं नाव नको? आणि पेटीतल्या गाडीचा सायलेन्सर भिंतीच्या बाजूला! या म्युझियमला भिंतीचं इतकं काय प्रेम आहे मला समजत नाही.

बायकांसाठी एक वेगळा कोपरा केलाय. गुलाबी. यावर मी जास्त बोलत नाही, माझ्या बरोबर असलेल्या भाचीनेच तिथल्या अभिप्रायाच्या वहीत पानभर लिहिलंय, आणि ती स्वतः रोज गिअरची गाडी चालवते. पण माझं म्हणणं एवढंच की ही माणसं वेगळ्या कोपऱ्यात का? बिआट्रिस शिलिंग १९३४ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर नॉर्टन मोटरसायकलवरून ताशी १०० मैलांच्या वर गेली होती आणि नंतर हिनेच लढाऊ विमानाच्या मर्लिन इंजिनचा कार्बोरेटरचा झोल सोडवला, विमान नाक खाली करून झेपावलं की इंजिन गुदमरायचं, हिने भोक पाडलेली एक छोटीशी चकती बसवली आणि काम झालं. तिचा फोटो नॉर्टनच्या शेजारी पाहिजे. थेरेसा वॉलॅक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन १९३४ च्या डिसेंबरमध्ये लंडनहून निघाल्या, ६०० सीसीची पँथर, तिला साइडकार, साइडकारला मागे ट्रेलर, आणि सहारा वाळवंट पार करून पुढच्या जुलैमध्ये केपटाउनला पोचल्या. त्यांचा नकाशा लांब पल्ल्याच्या प्रवासाच्या हॉलमध्ये पाहिजे की नको? ऑगस्टा आणि अ‍ॅडलिन व्हॅन ब्युरेन या बहिणींनी १९१६ मध्ये इंडियनवरून अख्खी अमेरिका पार केली, सैन्यात निरोप पोचवायचं काम बायका करू शकतात हे दाखवायला, वाटेत पँट घातली म्हणून पोलिसांनी पकडलं, आणि एवढं करून सैन्याने अर्ज फेटाळला तो फेटाळलाच. या सगळ्यांना एका गुलाबी भिंतीवर कोंबून "नारीशक्ती" लिहिलं की झालं?

होंडाची सुपर कब कुठे ठेवलीय माहितेय? कॉरिडॉरमध्ये. दोन हॉलच्या मधल्या वाटेत, पिण्याच्या पाण्याच्या मशीनसमोर. आणि व्हिन्सेंट या ब्रिटिश मोटरसायकलला फिरतं स्टेज! व्हिन्सेंट भारीच आहे हो, १९४८ मध्ये रोली फ्री नावाचा रेसर अंगावर फक्त पोहायची चड्डी घालून, पोटावर सपाट आडवा पडून, मिठाच्या मैदानावर ताशी दीडशे मैलांच्या पुढे गेला होता ती व्हिन्सेंटच, आधीच्या फेरीत अंगावरचं लेदर वाऱ्याने फाटलं म्हणून याने काढूनच टाकलं. फोटो बघून पोट धरून हसलो आणि त्याच वेळी पोटात गोळा पण आला. पण व्हिन्सेंट चालवलेली माणसं जगात किती असतील आणि सुपर कब चालवलेली किती? १९५८ ला आली, २०१७ मध्ये १० कोटीचा आकडा पार केला, इंजिन लावलेलं दुसरं कुठलंही वाहन एवढं बनलेलं नाही. ४९ सीसी, फोर स्ट्रोक, क्लच हाताने दाबायचा नाहीच, म्हणजे डावा हात सामान धरायला मोकळा, पायापुढे प्लास्टिकचं ढाल टाइप कव्हर म्हणजे चिखल उडत नाही, मधून पाय टाकून बसता येतं म्हणजे कुठलेही कपडे चालतात. दूधवाला, पोस्टमन, शिक्षिका, डॉक्टर, सगळ्यांची गाडी. मोटरसायकलचं कल्चर कल्चर म्हणून जे ओरडतात ते लेदर जॅकेट आणि दाढीपर्यंतच येऊन थांबतात, आणि ज्या गाडीने खरोखर कोट्यवधी लोकांना कामावर नेलं ती कॉरिडॉरमध्ये. वर लोक तिच्या सीटवर बाटल्या ठेवतात, माझ्या डोळ्यांनी बघितलंय!

कल्चरचा हॉल ठीकठाक. लंडनचं १९३८ चं एस कॅफे, तिथून निघालेले कॅफे रेसर (कॅफेपासून कॅफेपर्यंत रेस लावणारे आणि त्यांच्या गाड्या), १९६४ ला ब्रायटनच्या किनाऱ्यावर स्कूटरवाले मॉड्स आणि मोटरसायकलवाले रॉकर्स यांच्यात झालेल्या मारामाऱ्या, असं सगळं आहे, जॅकेट भरपूर, टॅटूचे फोटो भरपूर. पण त्याच हॉलच्या शेवटी हेल्मेटचं एक कपाट आहे ना, ते मात्र अख्ख्या म्युझियममधलं सगळ्यात विचार करून केलेलं काम आहे. १९३५ च्या मे महिन्यात लॉरेन्स, तोच 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला ब्रिटिश अधिकारी, त्याच्या ब्रफ सुपीरिअर मोटरसायकलवरून जात असताना दोन सायकलवाल्या पोरांना वाचवायला गेला आणि फेकला गेला, डोक्याला मार, सहा दिवसांनी गेला. त्याला बघायला आलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा सर्जन होता. त्याच्या डोक्यातून ते गेलं नाही, त्याने सैन्यातल्या डिस्पॅच रायडर, म्हणजे मोटरसायकलवरून निरोप पोचवणाऱ्या लोकांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला, १९४१ मध्ये लेख लिहिला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने या रायडर लोकांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य लोकांना तिथे सक्ती व्हायला १९७३ उजाडलं, केर्न्स तोवर केव्हाच वारला होता. कपाटात त्या काळचं बुचाच्या लगद्याचं हेल्मेट आहे आणि शेजारी आजचं, दोन्ही मधोमध कापून आतले थर दाखवलेत. दहावी-बारावीची पोरं तिथे पाच-पाच मिनिटं उभी होती, जॅकेटसमोर दहा सेकंद पण नाही.

आता आवाजाचं. आत पाऊल टाकल्यापासून बाहेर पडेपर्यंत एकाही इंजिनाचा आवाज ऐकला नाही मी. वर छतातून कसलं तरी गिटारचं म्युझिक सोडलंय, दिवसभर तेच. सिंगल सिलिंडरची धपधप वेगळी, पॅरलल ट्विनची (दोन सिलिंडर शेजारी-शेजारी) वेगळी, व्ही ट्विन (दोन सिलिंडर व्हीच्या आकारात) तर मुद्दाम अडखळल्यासारखं फायरिंग देते कारण दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं नसतं, बीएमडब्ल्यूचं १९२३ पासूनचं आडवं बॉक्सर इंजिन शिवणयंत्रासारखं गुळगुळीत, आणि टू-स्ट्रोकची ती टिर्रर्र.. हे कानाने कळतं, बोर्डाने नाही. जावा आठवते का, किकचाच लिव्हर पुढे वळवला की तोच गिअरचा लिव्हर, ती पण आहे तिथे, पण लिव्हर वळवून कोणी दाखवत नाही, लोक म्हणतात याचा गिअर कुठाय, आणि पुढे जातात.

मॅनेजमेंटची बाजू मला समजते. बंद हॉलमध्ये इंजिन सुरू केलं तर विषारी धूर, आणि टाकीत पेट्रोल ठेवलं तर आगीची भीती. ही भीती खोटी नाहीये, इंग्लंडच्या नॅशनल मोटरसायकल म्युझियममध्ये २००३ ला कोणीतरी टाकलेल्या सिगरेटमुळे आग लागली आणि ३८० च्या आसपास गाड्या गेल्या, ऑस्ट्रियात डोंगरावरच्या म्युझियमला २०२१ च्या जानेवारीत आग लागून दोनशेहून जास्त गाड्यांची राख झाली (त्यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परत उघडलं, त्याला मानलं). म्हणून टाक्या रिकाम्या ठेवल्यात ते योग्यच. पण बाहेर अंगण केवढं मोठं आहे! महिन्यातून एक दिवस ठरवा, दोन-तीन गाड्या बाहेर काढा, बाटलीने थोडं पेट्रोल द्या, किक मारा, दहा मिनिटं चालवा, परत पेट्रोल काढून आत. अमेरिकेत अलाबामाला बार्बर म्युझियम आहे, जगातला सगळ्यात मोठा संग्रह, त्यांनी तर शेजारी चक्क रेस ट्रॅक केलाय आणि तिथल्या गाड्या चालत्या ठेवतात. आपण ट्रॅक मागत नाही. आणि हे गाडीच्या भल्यासाठी पण आहे, नुसती उभी ठेवलेली गाडी टिकते असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी बसलेली गाडी उघडलेली नाही. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल वाळून डिंक होतो, ऑइल सील वाळतात, रिंगा सिलिंडरला धरतात, आणि मग दहा वर्षांनी किक मारायला जाल तर किक खालीच जाणार नाही. निदान प्लग काढून, चार थेंब तेल टाकून, अधूनमधून इंजिन हाताने फिरवत तरी राहा.

शेवटची तक्रार आणि मग थांबतो. अख्ख्या इमारतीत मेकॅनिक नाही. डिझायनर आहेत, मालक आहेत, रेसर आहेत, पण ज्याने रात्री बसून टपेट सेट केले, रिबोर करून आणलं, पॉइंट घासले, तो नाही. एकच अपवाद, बर्ट मन्रो, न्यूझीलंडचा म्हातारा, १९२० ची इंडियन स्काउट घेऊन शेडमध्ये वर्षानुवर्षं बसला, पिस्टन स्वतः डब्यांमध्ये ओतून बनवले, आणि १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, ताशी २९६ किलोमीटरच्या आसपास गेला. त्याचं पोस्टर आहे, पण फुटलेला पिस्टन नाही, साचा नाही, हत्यार नाही. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइमने ११४ मोटरसायकली कलाकृती म्हणून मांडल्या तेव्हापासून जगभर हीच फॅशन पडलीय, गाडी म्हणजे शिल्प. तिथे ते शोभलं, ते कलेचंच म्युझियम आहे. इथे एका कोपऱ्यात वर्कबेंच ठेवा, वाइस, फीलर गेज, पुलर, जळलेले प्लग, भोक पडलेला पिस्टन, आणि एखादा रिटायर मेकॅनिक बसवा जो दिवसभर एकच इंजिन उघडेल आणि बंद करेल. त्याच्याभोवती गर्दी नाही झाली तर मला सांगा.

वाचकांना पण विनंती, घरात जुन्या गाडीचं ओनर्स मॅन्युअल, सर्व्हिसची वही, टूल किटची पिशवी, डबल सीट बसून काढलेले फोटो असं काही पडलं असेल तर रद्दीत घालू नका, म्युझियमवाल्यांना विचारा. गाड्या त्यांच्याकडे खूप आहेत, त्या कोणी आणि कशा चालवल्या याचे कागद फारच कमी दिसले.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे, कापायचं असेल तर कॅफे रेसरचा भाग खुशाल कापा, पण काडेनचं नाव आणि कोपऱ्यातल्या त्या न रंगवलेल्या गाडीबद्दलची विनंती मात्र छापाच, आणि जमलं तर रिस्टोरेशनचा तो पुढचा टप्पा सुरू व्हायच्या आत छापा.

आपला,
एक वाचक (आणि जुन्या सिंगल सिलिंडरचा मालक)